माईक म्हणजे तोंड नव्हे, कान!

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. पण आधी रिलीज, मग त्या रिलीजचा सपोर्ट, मग पुढचा रिलीज.. आज शनिवार, लॅपटॉप ऑफिसचा नाही, घरचा उघडलाय. विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. माईक! पण माझं डोकं यावरून चांगलंच तापलेलं आहे, त्यामुळे आधीच सांगून ठेवतो, आज थोडं तिरकं लिहिणार आहे.

तर झालं असं. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. स्थळ नेहमीचं, खालचं पार्किंग. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तीन स्टँडचे पंखे, एका कोपऱ्यात पोरांचा क्रिकेट, मध्येच चालू होणारा पाण्याचा पंप. अजेंड्यावर मुख्य विषय एकच, लिफ्ट बदलायची. आमच्या घरून बाबा गेले होते. मी वर, घरात, सपोर्ट कॉलवर.

बाबांनी तीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला काढली. पत्रा दाबणाऱ्या यंत्रांमध्ये. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत कानाचं मशीन लागलं. घरात समोरासमोर बोललं की सगळं नीट चालतं, म्हणून बाहेरच्यांना पटकन कळतही नाही.

सभेत कुणीतरी म्हणालं, माईक लावूया का, क्लबहाऊसमध्ये पडलाय. त्यावर सेक्रेटरी काका म्हणाले, "छे हो, घरचीच माणसं आहेत, माईक कशाला? माझा आवाज पोचतो सगळीकडे." लोक हसले. सभा सुरू झाली. लिफ्टचा ठराव आला, हात वर झाले, बाबांचाही झाला. सर्वानुमते मंजूर.

दोन आठवड्यांनी बोर्डावर नोटीस लागली. बाबा वर आले ते हसतच. "अरे, नोटीस टाईप करताना गडबड केलीये बघ. आठ हजारचे साठ हजार करून ठेवलेत!"

गडबड कुणीच केली नव्हती. दर फ्लॅटमागे साठ हजारच ठरले होते. बाबांना 'आठ' ऐकू आलं होतं.

पैशांचं काही नाही, भरले. लिफ्ट बदलायलाच हवी होती, मी असतो तरी हात वरच केला असता. पण बाबा त्या दिवशी जे गप्प झाले ते झाले. रात्री जेवताना फक्त एवढंच म्हणाले, "पुढच्या सभेपासून तूच जात जा." मंडळी, हा माणूस गेली अकरा वर्षं एकही सभा न चुकवणारा होता. आणि मला सगळ्यात टोचलं ते हे, की त्याच वेळी मी वर बसून चांगला हेडसेट लावून शेकडो किलोमीटरवरच्या माणसाचं अक्षर न् अक्षर ऐकत होतो. खाली तीस फुटांवर बोललेलं माझ्या बापाला ऐकू येत नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. सेक्रेटरी काकांना मी दोष देत नाही (म्हणजे देतो, पण थोडा नंतर). मुळात गोंधळ शब्दाचा आहे.

आपण मराठीत 'माईक' कशाला म्हणतो बघा. "गल्लीत माईक लावलाय", "रात्रभर माईक चालू होता", "त्यांना सांग रे माईक बारीक करायला". या तिन्ही वाक्यांत माईकचा काडीचाही संबंध नाही! जो ओरडतोय तो लाऊडस्पीकर, ज्याला आपण भोंगा किंवा कर्णा म्हणतो. गंमत बघा, कर्णा म्हणजे तुतारीच्या जातीचं फुंकायचं वाद्य, पण ऐकताना वाटतो कर्णाचा, म्हणजे कानाचा भाऊ. बरं, शुद्ध मराठीकडे जावं तर तिथे 'ध्वनिक्षेपक'. वक्ता बोलायला उभा राहतो तोही 'ध्वनिक्षेपकासमोर', आणि पोलीस बंदी घालतात तीही 'ध्वनिक्षेपकावर'. क्षेपक म्हणजे फेकणारा. अहो, पण माईक काही फेकत नाही! तो घेतो. त्याला ध्वनिग्राहक म्हणा हवं तर. फेकणारा तो दुसरा.

आमच्या धंद्यात व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की लगेच काही बिघडत नाही. प्रोग्रॅम चालतो. सहा महिन्यांनी कुणीतरी नवीन येतो, नावावर विश्वास ठेवतो आणि बग घुसवतो. इथे नेमकं तेच झालंय. इनपुटला आपण आउटपुटचं नाव दिलंय.

माईकच्या आत असतं तरी काय? सभेत दिसतो तो साधा, हातात धरायचा माईक घ्या. जाळीच्या आत एक पातळ पडदा. पडद्याला चिकटलेली बारीक तारेची गुंडाळी. गुंडाळी एका चुंबकाच्या फटीत. तुम्ही बोललात की हवा हलते, हवेने पडदा हलतो, पडद्याबरोबर गुंडाळी हलते, आणि चुंबकाशेजारी तार हलली की तिच्यात वीज तयार होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच. शाळेत आपण सगळ्यांनी ते पाठ केलंय आणि परीक्षेनंतर विसरलोय. ही वीज किती? जवळून बोललात तरी एखाद-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. एवढ्याशा विजेने डासही दचकणार नाही. ती वाढवतो तो अॅम्प्लिफायर, आणि तिचा पुन्हा आवाज करतो तो स्पीकर. स्पीकरच्या आतही तेच तिघं, पडदा, गुंडाळी, चुंबक. फक्त काम उलट. आत वीज सोडली की पडदा हलतो. इतकं उलट की छोटा स्पीकर तार बदलून माईक म्हणून वापरता येतो, जुन्या इंटरकॉममध्ये तसं करायचेही.

पडदा हलतो आणि पुढे निरोप जातो.. हे अजून कुठे होतं? तुमच्या कानात! माईक हा कान आहे, मंडळी. बोलणाऱ्याच्या तोंडापाशी नेऊन ठेवलेला, मागे बसलेल्या माणसाचा कान.

नावातही तेच आहे. मायक्रो म्हणजे बारीक, फोन म्हणजे आवाज. व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये हा शब्द वापरला तो बारीक आवाज ऐकण्याच्या एका साधनासाठी, त्यात विजेचा संबंधच नव्हता. पुढे १८७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज याने विजेवरचं यंत्र दाखवलं. कोळशाच्या कांड्या, खिळे असलं साधं सामान. त्यात माशी चालल्याचा आवाज ऐकू यायचा! ह्यूजने त्याचं पेटंटही घेतलं नाही, जगाला देऊन टाकलं. मायक्रोस्कोप बारीक वस्तू दाखवतो तसा मायक्रोफोन बारीक आवाज ऐकवतो, असा सरळ अर्थ. तेव्हा सभेत घुमणारा लाऊडस्पीकर होताच कुठे? ऐकायला टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावायचा. गर्दीसमोर मोठा आवाज काढणारी यंत्रं आली ती १९१५ च्या आसपास. म्हणजे माईक जन्माला आला माशीची पावलं ऐकायला, आणि आपण त्याला ओळखतो ते भिंती हादरवणाऱ्याच्या नावाने.

"नावात काय आहे, लोकांना कळल्याशी कारण," असं तुम्ही म्हणाल. मान्य! भाषा वापराने बनते आणि माईक लावला म्हटलं की सगळ्यांना कळतं. मला त्या वाक्याचा त्रास नाही. मला त्रास आहे त्यातून डोक्यात जे बसतं त्याचा. डोक्यात बसलंय हे, की माईक म्हणजे मोठा आवाज. आणि मोठा आवाज म्हणजे मोठेपणा. पुढारी झालं की माईक हातात येतो, मिळाला की सोडवत नाही, रुसवेफुगवे झाले की तो ओढून घेतात. माईक हे एकदा बोलणाऱ्याचं सिंहासन झालं, की ते नाकारणं म्हणजे साधेपणा! सेक्रेटरी काकांचं नेमकं हेच झालं. त्यांना वाटलं आपण नम्रपणा दाखवतोय. आपण काय भाषण थोडंच ठोकतोय, घरचीच माणसं आहेत.

काका, माईक तुमच्यासाठी नव्हताच मुळी. तो मागच्या रांगेसाठी होता. दुसऱ्याचा चष्मा काढून ठेवायचा आणि वर म्हणायचं, मला नको बुवा, मला स्वच्छ दिसतं. हा नम्रपणा कसला?

आता 'माझा आवाज मोठा आहे' या दाव्याकडे बघू. एक मीटरवरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबल भरतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. दोन मीटरवर ५४, चारवर ४८, आठवर ४२. आणि तीन स्टँडचे पंखे, क्रिकेट आणि पंप मिळून ५० च्या आसपास सहज जातात. म्हणजे मागच्या खुर्चीवर पंखा काकांपेक्षा मोठ्याने बोलत होता. काका ओरडले असते तर? डेसिबल वाढले असते, पण पाच मिनिटांनी घसा बसला असता आणि सभा पुन्हा ४२ वर.

पण खरी गोम पुढेच आहे. ओरडल्याने सगळी अक्षरं सारखी मोठी होत नाहीत. ओरडताना वाढतो तो स्वर, आ, ओ, ए. व्यंजनं बिचारी मागेच राहतात. स, श, फ, त, क ही अक्षरं म्हणजे हवेचे छोटे फुत्कार किंवा टिचक्या, त्यांची ताकद मुळात कमी आणि त्यांचा बराचसा भाग वरच्या पट्टीत. आणि कारखान्याच्या आवाजाने किंवा वयाने कान जातात ते आधी वरच्याच पट्टीत. म्हणून असा माणूस म्हणतो, "आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत." आपल्याला वाटतं लक्ष देत नाहीये.

आता 'साठ' मोठ्याने ओरडून बघा. 'आ' केवढा मोठा झाला आणि 'स' कुठे गेला? 'स' गळला की काय उरतं?

आठ!

म्हणजे बाबा चुकले नव्हते. पार्किंगच्या त्या खुर्चीपर्यंत जेवढं पोचलं तेवढं त्यांनी अचूक ऐकलं होतं.

"पण त्यांना कानाचं मशीन आहे ना?" आहे की. त्या मशीनमध्येही माईकच असतो, कानामागे एवढुसा. तो बिचारा जिथे बाबा बसलेत तिथलं ऐकणार, म्हणजे आधी शेजारचा पंखा, मग पोरांचा "औट!", आणि मग लांबून काका. आजची मशीनं बऱ्यापैकी हुशार आहेत, पण माईकला सगळ्यात जास्त मदत करतं ते अंतर. तोंडापासून पाच सेंटीमीटरवरचा माईक आणि तीस सेंटीमीटरवरचा माईक यात सुमारे १५ डेसिबलचा फरक पडतो, फुकटात. म्हणून माईक पोटाशी धरणाऱ्यांनाही माझा साष्टांग नमस्कार. बेंबीचा आवाज ऐकायला लोक आलेले नसतात :-)

आणि तो अमर प्रश्न, "मागे ऐकू येतंय ना?" यावर हो म्हणतं कोण? ज्याला ऐकू येतं तो! ज्याला नाही, त्याला प्रश्नच पोचलेला नसतो. कुठल्या टेस्टरने असा टेस्ट केस लिहिला तर आम्ही त्याला घरी पाठवू. आणि समजा बाबांना प्रश्न कळला असता, तरी पन्नास माणसांसमोर "नाही, मला ऐकू येत नाही" असं ओरडून सांगायला किती जण धजावतील? हसून मान डोलावणं सोपं असतं. बाबांनी तेच केलं. बहिरेपण लपवण्यात त्यांच्या पिढीची हुशारी भयंकर असते.

आता दुसरी बाजू, कारण मला माहितीये खाली कुणीतरी लिहिणारच, "आधीच गोंगाटाने जीव जातोय आणि तुम्ही माईकची बाजू घेताय?" अहो, गोंगाटाविरुद्ध मीही तुमच्याच बाजूने उभा आहे. आमच्या याच सोसायटीत, याच पार्किंगमध्ये, गणपतीत माणसापेक्षा उंच स्पीकरच्या भिंती लागतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की घरचीच माणसं आहेत, कशाला! ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सणासुदीला सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यावर सविस्तर निकालही दिला. त्या नियमांत शब्द आहेत ते लाऊडस्पीकर आणि पब्लिक अॅड्रेस सिस्टीम. मायक्रोफोनवर त्यांचा राग नाही. कायद्याला फरक कळतो, आपल्याला कळत नाही.

आणि म्हणूनच आपली अशी तऱ्हा होते. नाचायला स्पीकर हवा तिथे आपण डझनभर लावतो आणि शिव्या माईकला घालतो. ऐकायला माईक हवा तिथे 'गोंगाट नको' म्हणून तो कपाटात ठेवतो. ज्याने छळ केला तो सुटतो, आणि जो नुसता कान होता तो शिक्षा भोगतो.

यात सगळ्यात जास्त बोलणी खातो तो माईकवाला. कुईंऽऽ अशी शिट्टी वाजली की सगळा मांडव त्याच्याकडे रागाने बघतो. वास्तविक झालेलं असतं काय, की स्पीकरचा आवाज माईकने ऐकला, तो पुन्हा स्पीकरला दिला, तो पुन्हा माईकने ऐकला.. आम्ही याला इन्फिनिट लूप म्हणतो. वक्ता स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला की हे होणारच. त्यावर वक्ता करतो काय, तर घाबरून माईकची जाळी मुठीत धरतो. त्याने शिट्टी वाढते! हे माईक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतील असे बनवलेले असतात, जाळी झाकली की ती शिस्त मोडते आणि तो चारी बाजूंचं ऐकायला लागतो. कान आहे हो तो, कान असा पिळू नका. आणि "हॅलो टेस्टिंग" म्हणून त्यावर टिचक्या मारणाऱ्यांनी एकदा तशीच टिचकी स्वतःच्या कानावर मारून बघावी.

गंमत म्हणजे हा फरक आपल्याला कळत नाही असंही नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आख्ख्या देशाने तो शिकून घेतला. कॉलवर माईकचं चित्र वेगळं, स्पीकरचं चित्र वेगळं. "काका, तुमचा माईक बंद आहे" म्हणजे आम्हाला तुमचं ऐकू येत नाहीये, आणि "माझा स्पीकर बंद आहे" म्हणजे मला येत नाहीये. माझी आत्यासुद्धा यात चुकत नाही. फोनवर एखाद्या अॅपने माईक उघडला की हल्ली कोपऱ्यात ठिपका दिसतो, आयफोनवर २०२० पासून, अँड्रॉइडवर २०२१ पासून. तो ठिपका काय सांगतो? कुणीतरी ऐकतंय. बोलतंय असं नाही, ऐकतंय! मग लॅपटॉप मिटून पार्किंगमध्ये उतरलं की हीच अक्कल कुठे जाते?

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. पाच-सहा खुर्च्यांपलीकडे सभा गेली आणि तिथे काही ठरणार असेल, पैसे, नेमणूक, नियम, काहीही, तर माईक लागलाच पाहिजे. कुणी मागितला म्हणून नव्हे, न मागता. बोलणाऱ्याला तो नाकारायचा हक्क नाही, कारण तो त्याचा नाहीच. आकडा आला की दोनदा म्हणा आणि फळ्यावर लिहा. आवाज मोठा ठेवू नका, एक छोटा स्पीकर मागच्या रांगेच्या जवळ ठेवा, पुढच्यांचे कान फुटणार नाहीत आणि शेजारच्या बिल्डिंगलाही पत्ता लागणार नाही. पंखे जरा लांब सरकवा. आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातही माईक द्या, नाहीतर उत्तर ऐकू येतं आणि प्रश्न काय होता ते कळत नाही. यात कुठेही डीजे नाही, खर्च नाही. आमच्या क्लबहाऊसच्या कपाटात तर माईक पडलेलाच होता.

मी हे सगळं (तिरकेपणा वगळून) कमिटीला लिहून दिलं. आधी नेहमीचं उत्तर आलं, "एवढ्याशा जागेत माईक?" मग मी काकांना एकट्याला गाठून आठ-साठचा किस्सा सांगितला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला कसं कळलं नाही रे? ते तर हसत होते."

मागच्या रविवारी विशेष सभा झाली, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी. मी बाबांना म्हटलं, चला. "तू जातोयस ना? मग मी कशाला?" असं म्हणत आले कसेबसे, आणि बसले तिथेच, शेवटच्या रांगेत. काकांनी कपाटातला माईक काढला होता. पहिली दहा मिनिटं तो त्यांनी पोटाशीच धरला, मी पुढून खुणा करून करून दमलो, मग वर घेतला. दुरुस्तीचा आकडा आला. बाबांनी हात वर केला. मतासाठी नाही, माईकसाठी. तो त्यांच्यापर्यंत हातोहात पोचायला जरा वेळ लागला.

"दोन कोटेशनं का नाही घेतली?" बाबांनी विचारलं.

कुणाकडेच उत्तर नव्हतं. ठराव पुढच्या सभेवर गेला. कमिटीतले काही जण अजून माझ्याकडे रागाने बघतायत. बघू देत!

ता. क. : घरात कुणाला कानाचं मशीन असेल तर त्यात 'टी' म्हणजे टेलिकॉइलची सोय आहे का ते जरूर विचारा. ज्या सभागृहात लूप बसवलेला असतो तिथे माईकचा आवाज मधली हवा आणि पंखे टाळून थेट मशीनमध्ये उतरतो. आमच्या पार्किंगमध्ये तो येईल तेव्हा येईल. तोवर माईक तोंडाशी धरला तरी पुष्कळ झालं.